पडायचा तास

न्हाणीघरात पाय घसरला आणि ड्रायव्हरकाकांचं मनगट मोडलं. मनगट यथावकाश जुळलं, प्लास्टर निघालं, बोटं पूर्वीसारखी वळायला लागली. पण त्या दिवशी मनात जी धास्ती बसली ती काही केल्या निघेना. उभी हयात शहराच्या बसगाड्या चालवलेला माणूस. गच्च भरलेली गाडी बाजाराच्या गल्लीतून अशी अलगद काढायचे की उभ्या माणसांनाही वळण कळायचं नाही. आता तेच काका पलंगावरून खिडकीपर्यंत जायचं म्हटलं तर आधी भिंत बघायचे, मग खुर्ची बघायचे, आणि शेवटी "जाऊ दे, बाहेर काय बघायचंय" म्हणून बसल्या जागी बसून राहायचे.

लेक बेकरीत कामाला होती. पहाटे निघताना ती बापाचं जेवण झाकून ठेवायची आणि दुपारी परत यायची तेव्हा बाप त्याच खुर्चीत, त्याच बाजूला तोंड करून. तिनं समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी हात टेकले आणि वस्तीतल्या आरोग्य केंद्रात जाऊन सगळं सांगून आली.

दुसऱ्याच दिवशी केंद्रातल्या सिस्टर घरी हजर. काकांचा रक्तदाब बघितला, औषधांच्या पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या आणि विचारलं, "काका, बाहेर कधीपासून पडला नाहीत?"

"बाहेर काय नि आत काय, पडायचीच भीती वाटते," काका म्हणाले.

सिस्टर हसल्या नाहीत. "मग बरोबर आहे. आमच्याकडे पडायचा तास सुरू झालाय. उद्या न्यायला येते."

काकांना वाटलं, बाई थट्टा करतेय. पण सकाळी ती खरंच दारात उभी राहिली, आणि परक्या बाईसमोर घाबरट दिसायचं काकांच्या जिवावर आलं. गेले.

केंद्र म्हणजे दोन मजल्यांची साधी इमारत. दारातून आत शिरलं की फिनेलचा वास, डाव्या हाताला लसी टोचायची खोली आणि तिथून अधूनमधून फुटणारा तान्ह्या पोरांचा टाहो. वरच्या मजल्यावर समुपदेशक बाईंची खोली. तिच्या बाहेरच्या बाकावर शाळा सुटलेली, घरात न पटणारी, नको त्या नादाला लागलेली मुलं मान खाली घालून बसलेली असायची. आणि मागच्या बाजूला एक लांबट हॉल, त्यात जमिनीवर निळ्या जाड गाद्या अंथरलेल्या.

हॉलमध्ये काकांच्याच वयाची पाचसहा माणसं होती. शिकवणाऱ्या व्यायामाच्या डॉक्टर होत्या तरुण, पण आवाज खणखणीत. त्यांच्या शेजारी टोपीचं जाकीट घातलेली सोळासतरा वर्षांची एक पोरगी नखं कुरतडत उभी होती.

"तोल सांभाळायचे व्यायाम आपण रोज करतोच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तरीही माणूस कधीतरी पडतो. तेव्हा कमीत कमी लागावं कसं, ते ही दाखवणार आहे. ही ज्युडो शिकलेली आहे. तिच्या आयुष्यात ती आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा पडलीय."

पोरगी गादीवर गेली, गुडघे वाकवले, हनुवटी छातीला लावली आणि कुशीवरून अशी घरंगळली की आवाजसुद्धा झाला नाही. उठून पुन्हा नखं कुरतडायला लागली.

काकांनी आयुष्यात अनेक माणसं पडताना बघितली होती, पण इतकं सुरेख पडताना कुणाला बघितलं नव्हतं. "वा, उस्ताद," ते नकळत बोलून गेले. तेव्हापासून तिचं नाव उस्तादच पडलं.

काकांची पाळी आली तेव्हा त्यांना घाम फुटला. गादीवर आधी बसायचं आणि बसल्या बसल्याच कुशीवर कलंडायचं, एवढंच होतं.

"आजोबा, हात पुढे टाकू नका," पोरगी म्हणाली. "हात टाकला की मनगट जातं."

"ते मला सांगू नकोस. आणि आजोबा नाही, काका."

"बरं, काका. हनुवटी आत घ्या. आणि श्वास सोडा, गाडी अंगावर आल्यासारखं काय बघताय?"

"गाडी अंगावर येत नसते, पोरी. माणूस गाडीच्या अंगावर जातो. मी ड्रायव्हर होतो, मला विचार." एवढं बोलण्याच्या नादात काका कलंडले कधी ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. गादीवर पडल्या पडल्या छताकडे बघत राहिले. काही दुखत नव्हतं. आपण पडलो आणि काही झालं नाही, हे त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं.

मग काका तासाला नेमानं जायला लागले. सिस्टर न्यायला यायच्या त्या हळूहळू कोपऱ्यापर्यंतच यायला लागल्या, नंतर यायच्या बंद झाल्या. काका लवकर पोचायचे आणि उस्ताद वरच्या मजल्यावरून समुपदेशक बाईंना भेटून खाली येईपर्यंत जिन्याजवळ बसायचे. तास सुरू व्हायच्या आधी दोघांच्या गप्पा व्हायच्या. म्हणजे काका बोलायचे आणि ती मधूनच एखादं वाक्य टाकायची. अशा तुकड्या-तुकड्यांतून काकांना तिची हकीगत कळली.

"ज्युडोच्या क्लबातून काढलं मला," एकदा ती म्हणाली.

"का?"

"एकीचा हात मोडला."

"खेळताना चुकून?"

"नाही. ती माझ्या आईबद्दल वाईट बोलली. मग लढतीत मी तिचा हात धरला तो सोडलाच नाही."

काकांनी पुढे विचारलं नाही. तिनंच मग सांगितलं. क्लब सुटल्यावर शाळेत मन लागेना. आई दिवसभर लोकांची घरं साफ करायला जायची, बाप केव्हाच सोडून गेलेला. बस डेपोच्या मागे काही पोरं बसायची, ती त्यांच्यात जाऊन बसायला लागली. ती पोरं बाटल्या आणायची, कधी गोळ्याही. शेवटी शाळेनं सांगितलं, केंद्रात बाईंकडे जात असशील तर नाव ठेवतो, नाहीतर काढतो. आईनं हाताला धरून आणून बसवलं. बाईंनी तिला पहिल्यांदा विचारलं ते हेच, की तुला काय चांगलं येतं. ती रागानं म्हणाली होती, माणसांना पाडायला येतं. बाई तडक जिना उतरून डॉक्टरबाईंकडे गेल्या, कारण डॉक्टरबाई पडण्याच्या तासासाठी ज्युडो येणारं कुणीतरी शोधतच होत्या.

तासाला एक निवृत्त शिक्षिका यायच्या. सगळे त्यांना बाई न म्हणता मॅडम म्हणत, कारण त्यांना तसंच आवडायचं. हौस दांडगी. इतर लोक बसून कलंडायचे तेव्हाच मॅडमना उभ्यानं पडायचं होतं. एके दिवशी उस्ताद दुसऱ्या कुणाला तरी धरून उभी होती. "मॅडम, थांबा, मी येते," ती ओरडली, तोवर मॅडम पडल्यासुद्धा, आणि नेमक्या खांद्यावर. त्यांची किंकाळी लसीच्या खोलीपर्यंत गेली.

धावपळ झाली. डॉक्टरबाईंनी खांदा धरला, सिस्टरनी गाडी बोलावली, मॅडमना एक्स-रे काढायला मोठ्या दवाखान्यात नेलं. या गडबडीत उस्तादचा चेहरा पांढराफटक पडलेला काकांनी बघितला. ते तिच्याकडे जाईपर्यंत ती हॉलमध्ये नव्हती.

पुढच्या तासाला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मॅडम मात्र गळ्यात झोळी अडकवून हजर. हाड शाबूत होतं, नुसता खांदा लचकला होता. "पोरगी कुठे आहे?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. समुपदेशक बाई तिच्या घरी जाऊन आल्या होत्या. आई म्हणाली, सकाळी बाहेर पडते, संध्याकाळी येते, विचारलं तर अंगावर येते. फोन उचलत नाही. "डेपोमागे असणार," बाई काकांना म्हणाल्या. "मी दोनदा गेले. मला लांबून बघितलं की सगळी पांगतात."

"डेपोमागे म्हणजे भंगारातल्या गाड्या उभ्या असतात तिथे?"

"हो."

"मला बघून कोण पांगेल?" काका म्हणाले. आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं. घर ते केंद्र सोडून ते कुठे गेले नव्हते. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

समुपदेशक बाई त्यांना एकटं सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. दोघं बसने गेले. प्रवासी म्हणून बसायची काकांना सवय नव्हती. चालकानं ब्रेक मारला की त्यांचाही पाय आपोआप दाबला जायचा. डेपोच्या फाटकाशी बाई थांबल्या. "मी इथेच आहे," म्हणाल्या. काका भिंतीच्या कडेकडेनं मागच्या अंगाला गेले. जमीन खडबडीत, जागोजागी तेलाचे डाग. ते खाली बघत, सावकाश, एकेक पाऊल नीट टेकवत गेले.

चाकं काढलेल्या गाड्या विटांवर उभ्या होत्या. एकीच्या पायरीवर तीन पोरं बसली होती. काकांनी त्यांना फक्त "सरका जरा" म्हटलं, ते अशा सुरात की पोरं सरकली. आत मागच्या सीटवर उस्ताद गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

काका सवयीनं चालकाच्या जागेवर जाऊन बसले. स्टिअरिंगचं चाक केव्हाच कुणीतरी काढून नेलं होतं, आरसा तेवढा शाबूत होता. त्यात त्यांना ती दिसत होती.

"तुम्ही इथे कसे आलात?" तिनं विचारलं.

"बसने. चालवणाऱ्याला ब्रेक मारता येत नाही."

तिनं हळूच विचारलं, "मॅडमचा हात?"

"लचकलाय. मोडला नाही. झोळी काढायला सांगितलीय, तरी काढत नाहीत. घरी भांडी घासावी लागत नाहीत म्हणे."

आरशात तिचे ओठ किंचित हलले, पण तेवढंच. "माझ्या हातून माणसं मोडतात, काका."

काका आरशात तिच्याकडे बघत म्हणाले, "हे बघ. तू 'थांबा' म्हणालीस ते सगळ्या हॉलनं ऐकलं. एकट्या मॅडमनी नाही ऐकलं, कारण जन्मभर त्यांनी इतरांनाच थांब म्हटलंय. ते तुझ्या माथी नाही. तो आधीचा हात मात्र तू मोडलास. ते तुझंच. दोन्ही एका पोत्यात भरू नकोस."

बाहेर पोरं कशावरून तरी हसत होती.

"मग त्या हाताचं काय करू?" तिनं विचारलं.

"ते मला कळत नाही. पण फाटकाशी एक बाई उभी आहे, तिला कळत असेल. तिचं कामच ते. आणि मला आता इथून खाली उतरव, ही पायरी फार उंच आहे."

ती उतरली, त्यांना हात दिला. पायरीवरचा एक पोरगा म्हणाला, "काय गं, आजोबांबरोबर चाललीस?"

"काका आहेत," ती म्हणाली, आणि मागे वळून बघितलं नाही.

पडायचा तास पुन्हा सुरळीत झाला. मॅडमनी झोळी काढली आणि उस्तादनं हो म्हटल्याशिवाय बोटही हलवणार नाही असं कबूल केलं. ते त्यांनी बऱ्यापैकी पाळलं. उस्ताद शाळेत जायला लागली. बुडालेल्या गणितासाठी मॅडमनी तिला रोज संध्याकाळी समोर बसवून घाम काढला. वरच्या खोलीत समुपदेशक बाईंशी तिचं बोलणं आता लांबायचं. डेपोमागे ती अधूनमधून जायची, ते बाईंना ठाऊक होतं. तेही त्या बोलण्यात यायचं. एकदा ती तिथल्या एका पोराला केंद्राच्या बाकावर आणून बसवून गेली.

मग एका सुट्टीच्या दिवशी ती काकांकडे आली. जिचा हात मोडला होता त्या मुलीला बाईंनी विचारलं होतं, ही भेटायला आली तर चालेल का. मुलीनं बरेच दिवस उत्तर दिलं नाही, आणि आदल्या दिवशी 'ये' म्हणाली.

"बाई बरोबर येतायत," उस्ताद म्हणाली. "तुम्ही पण याल? आत नको. नुसते बाहेर."

काका गेले. त्या घरासमोर एक बुटका कठडा होता, त्यावर बसले. समुपदेशक बाई आणि उस्ताद आत गेल्या, दार लागलं. समोर एक बाई खिडकीच्या काचा पुसत होती. तिनं काकांकडे दोनतीनदा संशयानं बघितलं, मग म्हातारा निरुपद्रवी दिसतो म्हणून पुन्हा कामाला लागली. काकांना आपण कुणाच्या तरी परीक्षेला आलेलो बाप आहोत असं वाटत होतं.

दार उघडलं. उस्ताद बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. समुपदेशक बाई दारातच मुलीच्या आईशी बोलत थांबल्या.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं.

"आधी काहीच नाही. मग म्हणाली, थंडीत हात अजून दुखतो."

"मग?"

"मी ऐकून घेतलं. मग म्हणाली, लिहिताना पण दुखतो. तेही ऐकलं. बरंच काही म्हणाली." तिनं बाहीनं नाक पुसलं. "माफ केलं असं नाही म्हणाली."

"बरं."

"पण निघताना म्हणाली, पुन्हा आलीस तर चालेल. आणि तिच्या आईनं जेवून जा म्हटलं. मी नाही म्हणाले. घशाखाली उतरलं नसतं."

"आणि आता?"

तिनं जरा विचार केला. "आता भूक लागलीय."

काका कठड्यावरून उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. समुपदेशक बाईंचा निरोप घेऊन दोघं रमतगमत निघाले. रस्ताभर ती तिच्या येऊ घातलेल्या गणिताच्या पेपराबद्दल तक्रार करत होती आणि काका प्रत्येक जाणाऱ्या बसच्या चालकाला नावं ठेवत होते.

लेक बेकरीतून नुकतीच आली होती. तिच्या बाहीला अजून पीठ होतं. दार उघडून तिनं आधी बापाकडे बघितलं, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या, लाल डोळ्यांच्या, टोपीचं जाकीट घातलेल्या मुलीकडे.

"हीच का ती उस्ताद?"

"हीच," काका म्हणाले. "भुकेली आहे."

"मग दारात काय उभं केलंय तिला?" लेक म्हणाली, आणि पाटीभर ताजे पाव ओट्यावर ठेवून तिसरं ताट काढायला आत वळली.