भरवसा, शून्य ते दहा

वॉर्डाच्या प्रमुख नर्स असलेल्या ताईंनी हातमोजे न काढताच कोपराने फॉर्मांचा गठ्ठा टेबलावरून सरकवला आणि मोकळ्या जागेत सलाईनची बाटली ठेवली.

"झाले का सगळ्यांचे?" संशोधक बाईंनी विचारलं. दीड तास झाला, त्या खुर्चीत बसून होत्या, आणि वॉर्डात खुर्ची एकच होती.

"सात झाले. एक राहिलाय."

चौदा देशांतल्या नर्सेसना म्हणे हेच वीस प्रश्न विचारले जात होते. कामाचा ताण आपण पेलू असा भरवसा किती वाटतो, शून्य ते दहा. चौदा देशांतल्या नर्सेसना हे भरायला वेळ कुठून मिळतो, हा ताईंचा एकविसावा प्रश्न होता. इथे चाळीस खाटांना पाळीला दोघीजणी, आणि त्यातल्या एकीला भरवसा मोजायला बसवायचं! म्हणून त्यांनी कालच हुकूम सोडला होता, "दहा लिहा आणि मोकळ्या व्हा." वरून आलेल्या कागदावर 'जमत नाही' असं कधी लिहायचं नसतं, एवढं त्या बावीस वर्षांत शिकल्या होत्या.

बाई फॉर्म चाळून हरखल्या. "कमालच आहे हो! इतके गुण कुठल्याच देशात नाहीत. मेट्रनबाईंना सांगायला हवं. ज्या वॉर्डाचे गुण कमी, तिथे त्या जादा नर्स देणार आहेत ना."

जादा नर्ससाठी दोन वर्षं ताईंनी अर्जांवर अर्ज केले होते. कंटाळून दोघी सोडून गेल्या. उरलेल्यांत सगळ्यात धाकटी दुहेरी पाळ्या ओढत होती. तीही गेली तर वॉर्ड बसलाच. आणि आपण आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला, तोही सात जणींच्या सह्यांनिशी.

"द्या इकडे. परत भरून देते."

"आता नाही बदलता येणार. आम्हाला प्रामाणिक उत्तरं हवीत."

"अहो, तेच तर सांगतेय! ही खोटी आहेत. मी सांगितलं म्हणून लिहिलीत."

बाईंनी चष्मा पुसला. "मग आताही तुम्ही सांगाल तेच लिहितील ना?"

ताई आणखीच भडकल्या. तेवढ्यात धाकटी इंजेक्शनांचा ट्रे घेऊन आली. तिने खिशातून घडी केलेला फॉर्म काढून बाईंसमोर धरला. ताईंनी तो मधेच घेतला. वॉर्डातला कुठलाही कागद आधी त्यांच्या नजरेखालून जायचा.

"दहा नाही लिहिलेस?"

"चुकलं का, ताई? बदलते."

"अजिबात बदलू नकोस!" ताईंना हायसं वाटलं. एक तरी शहाणी निघाली.

नातेवाईक अंगावर धावून आले तरी शांत राहीन: आठ. तीन घंटा एकदम वाजल्या तरी गोंधळणार नाही: सात. एक रुग्ण दगावला तरी पुढच्या खाटेकडे नीट लक्ष देईन: सहा. ताई हिरमुसल्या. एवढ्या गुणांवर कोण देणार होतं जादा नर्स? पोरगी भलतीच खंबीर निघाली.

सतरावा प्रश्न होता, मदत लागली तर वरिष्ठांना मोकळेपणाने सांगू शकेन. तिथे शून्य होतं. खोडाखोड नव्हती, गिरवलेलंही नव्हतं.

ताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. बाईंनी हात पुढे केला, तेव्हा फॉर्म देऊन टाकला.

धाकटी ट्रे उचलून निघाली होती.

"अगं," ताई म्हणाल्या. हातमोजे काढत त्यांनी विचारलं, "काही खाल्लंस का सकाळपासून?"

"हो ताई, खाल्लं की," ती हसून म्हणाली आणि खाटांकडे वळली.

सकाळी सातपासून ती वॉर्डाबाहेर पडली नव्हती. आणि वॉर्डात कुणी काही खायचं नाही, हा नियम ताईंचाच होता.