मिमूनच्या जावळाची काळी रेघ

राबात शहरातल्या दवाखान्यात हम्मूच्या डोळ्यांत औषध घातलं आणि डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत धूसरच दिसेल. गावची बस चारला होती. मी म्हटलं, तोवर संग्रहालय बघू. आमच्या साक्षरता वर्गाच्या बाईंनी सांगितलं होतं, तिथे आपल्या डोंगरातले गालिचे भिंतीवर टांगलेत.

"तिकीट काढून गालिचे बघायचे?" हम्मू म्हणाला. "घरी फुकट तुडवतो की आपण."

"तू बाकावर बस. मी वाचून दाखवते."

"बघा, मास्तरीणबाई निघाल्या!"

हम्मू माझा धाकटा भाऊ. माझा दंड धरून तो चालत होता. मी प्रत्येक पाटीपाशी थांबून मोठ्याने वाचत होते. साठीनंतर अक्षरं शिकलेल्या बाईला ती मिरवावीशी वाटतात, आणि हम्मूला तर पहिलं अक्षर अलिफही येत नाही.

तिसऱ्या दालनात माझे पाय थांबले. मंजिष्ठेचा लाल रंग, कडेला निळे चौकोन आणि मधोमध एकच बारीक काळी रेघ. ती रेघ लोकरीची नव्हती. माझ्या लेकाचं, मिमूनचं जावळ सुतात पिळून मी ती विणली होती.

मिमून तीन वर्षांचा होता, ताप उतरत नव्हता. हा गालिचा सीदी बूझेकरीच्या दर्ग्यात पोचवायचा, असा मी नवस बोलले. खेचरावरून दोन दिवसांची वाट. तापलेलं मूल टाकून मी जाणार कशी? हम्मू घेऊन गेला. परत येऊन म्हणाला, "कबरीवर माझ्या हातानं अंथरला." आठव्या दिवशी मिमून गेला.

पिराने गालिचा का नाकारला, ते मला ठाऊक होतं. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावला त्या दिवशी हम्मूची बायको इत्तो घाईघाईत तो ओलांडून गेली होती. ताणा ओलांडला की विणलेलं फळत नाही. दर्ग्यावर मी रुसले, पुन्हा पायरी चढले नाही. इत्तोला गावभर शिव्या दिल्या आणि तिच्याशी पुन्हा जन्मात बोलले नाही. बारा वर्षांपूर्वी ती वारली, मयताला आंघोळ घालायला बायका कमी पडल्या, तरी मी दार उघडलं नाही.

"गप्प का झालीस, ताई? अक्षरं संपली?"

मी पाटी वाचली. एकेक अक्षर लावत, त्याला ऐकू जाईल अशी. "मधला ऍटलस. लोकर आणि केस. मंगळवारच्या बाजारात हम्मू ऊ-अली यांच्याकडून विकत घेतलेला."

दंडावरची त्याची बोटं सुटली.

"हम्मू ऊ-अली, म्हणजे अलीचा हम्मू. असे पुष्कळ असतात," तो म्हणाला.

"जावळ विणलेला गालिचा एकच आहे."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "वाटेत बाजारात एक परदेशी भेटला. मला वाटलं, पिराकडे गालिचे काय कमी आहेत? पोर तर वाचेलच."

"आणि मी इत्तोला शिव्या देत होते तेव्हा?"

"तिला मी सांगितलं होतं."

"काय?"

"सगळं. ती म्हणाली, ताईला मलाच बोल लावू दे. गालिचा तुम्ही विकला हे कळलं तर तिला माहेर उरणार नाही."

मी बाकावर बसले. पहारेकरी येऊन विचारून गेला, आजी, पाणी देऊ का. मी मान हलवली. नको की हो, ते मलाच कळलं नाही.

निघताना पायऱ्यांशी हम्मूने चाचपडत हात पुढे केला. मी धरला. दिसत नसलेल्या माणसाला पायऱ्यांवर सोडता येत नाही.

बसमध्ये तो हळूच म्हणाला, "ताई, माझ्या पोरांना सांगू नकोस. आईवरून आधीच खूप ऐकलंय त्यांनी."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तू सांगणार. आज रात्री, सगळ्यांना बसवून. मी समोर बसून ऐकेन."