भीमसिंगचा नंबर

भीमसिंग राठोड स्वतःला फार हुशार समजे, आणि हे तो स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगे. तांड्याचा नायक होता तो. पिंपळशेंड्याच्या शिवारात कोणाची शेळी गेली, कोणाची केबल गेली, की ठाण्याची गाडी सरळ तांड्यावर येई आणि जमादार म्हणे, "नायक, एक माणूस दे." गावात काय फक्त बंजारेच राहत होते? पण गाडीला दुसरा रस्ताच ठाऊक नव्हता. इंग्रजांनी कधीकाळी आज्याच्या आज्यावर चोर म्हणून शिक्का मारला होता. इंग्रज गेला, शिक्का ठेवून गेला.

मग भीमसिंगनं डोकं लावलं. जमादार दिसेल त्याला उचलतो. कोणाची फवारणी राहते, कोणाची सोयरीक मोडते. त्यापेक्षा नंबर लावू! आज पूनमसिंग जाईल, पुढल्या खेपेला सेवादास, मग आपण, मग पुतण्या शाम. ज्याचा नंबर, त्यानं डबा आणि चादर घ्यायची, दिवसभर ठाण्यात बसायचं, चार शिव्या, एखादी थप्पड खायची आणि घरी यायचं. तांडा खूश, जमादार त्याहून खूश. भीमसिंगची छाती तर अशी फुगली, जणू तांड्यावर धरणाचं पाणीच आणलं होतं त्यानं.

"मॅनेजमेंट म्हणतात याले," तो बायकोला, लालीबाईला, ऐकवी.

"मार खायचं मॅनेजमेंट!" लालीबाई भाकर थापता थापता म्हणे. "वा रे नायक!"

त्या दिवशी तो आर्णीच्या बाजारात गेला होता. चहाच्या टपरीवर पिंपळशेंड्याचे सदाशिवराव, वीसेक एकर कपाशीचे धनी, तावातावानं बोलत होते. "विहिरीवरची मोटर गेली ना राजेहो! तांड्यावरचेच असतीन. दुसरं कोण असन?"

भीमसिंगनं अर्धा चहा तसाच खाली ठेवला. मोटारीचं दुःख नव्हतं त्याला. या खेपेला नंबर त्याचाच होता, आणि दुसऱ्याच दिवशी पोरीला, बबिताला, यवतमाळला न्यायचं होतं. पोलीस भरतीची धाव होती तिची. कितीतरी दिवस ती पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळत होती. तांड्यातून पोलिसांच्या गाडीत बसून गेलेले पुष्कळ होते, वर्दी घालून बसणारी तीच पहिली असती. आणि ऐन सकाळी गाडी दारात आली तर? बापाला उचलताना पाहून पोर काय पळणार?

हुशार माणसाला लगेच हुशारी सुचली. गाडीची वाट कायले पाहायची? आजच जाऊन बसू, आजच्या आज चौकशी आटपू, उद्या मोकळे! त्यानं घरून डबा घेतला, चादर घेतली, मोटारसायकलला किक मारली आणि नायक स्वतःच्या पेट्रोलनं ठाण्यात हजर झाला.

"साहेब, मी आलो. सदाशिवरावच्या मोटारीसाठी."

जमादारानं मान वर केली. "कोणती मोटर?"

"चोरीले गेली ते."

"तक्रार तं आली नाही अजून." जमादार उठून आत गेला आणि ठाण्यात नुकतेच बदलून आलेले साहेब बाहेर आले. त्यांनी भीमसिंगला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तक्रारच नाही, तर तुला चोरी कशी कळली?"

भीमसिंगनं सगळं सांगितलं. बाजारात काय ऐकलं, नंबर कसा असतो, डबा कायले, चादर कायले. सांगता सांगता त्याचं बोलणं त्यालाच ऐकू येऊ लागलं आणि त्याची कानशिलं तापली. न बोलावता मार खायला येणारा माणूस! साहेबांचा विश्वास बसेना, आणि भीमसिंगला वाटलं, त्यांच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता.

"जमादार, असा नंबर असतो का इथे?"

ज्याच्यासाठी नंबर लावला, तो जमादार भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाला, "आपल्याला तं काही माहीत नाही, साहेब."

सदाशिवरावांना निरोप गेला, पण ते काही त्या दिवशी आले नाहीत. भीमसिंगला रात्रभर ठाण्यातच ठेवलं. चादर तेवढी कामी आली. हुशारीचा एवढाच काय तो फायदा.

सकाळी सदाशिवराव आले. जमादारानं खुर्ची पुढं केली, चहा मागवला.

"चोर सापडला म्हणता," सदाशिवराव ओशाळून म्हणाले, "पण मोटर चोरीले गेलीच नाही ना! आमच्या अमरनं वाइंडिंगले नेलती. घरी सांगतलंच नाही पोट्ट्यानं." मग त्यांची नजर खाली गेली. "भीमसिंग? तू कायले इथं?"

"तुमच्याच मोटारीसाठी."

"अरे, मी तं बाजारात असंच बोललो होतो!"

साहेबांनी जांभई दिली. "बरं. बोरी अरबकडं विजेची तार गेलीय म्हणतात. आलाच आहे, तर बसू द्या त्याला."

बोरी अरब कुठं अन् पिंपळशेंडा कुठं! भीमसिंग तोंड उघडणार तेवढ्यात दारात बबिता दिसली. पायात पळायचे बूट, पाठीला पिशवी. यवतमाळची बस सोडून ती इकडे आली होती. तिनं खुर्चीतले सदाशिवराव पाहिले, भिंतीलगतचा बाक पाहिला आणि चपलांच्या ढिगाजवळ बसलेला बाप पाहिला.

"बा, बाक रिकामा हाये. खाली काहून बसला?"

भीमसिंग आठवू लागला. खाली बस, असं कोण म्हणालं होतं? जमादार नाही. साहेबही नाही. काल आल्याबरोबर तोच आपल्या हातानं चपला काढून फरशीवर बसला होता. स्वतःच्या पायानं आला, स्वतःच्या पेट्रोलनं आला आणि स्वतःच्याच अकलेनं खाली बसला. आजवर त्याला स्वतःचं हसू यायचं. आता लाज वाटली, इतकी की पोरीकडं बघवेना.

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि बाकावर बसला.

"साहेब, माह्या नावाचा कागद हाये का काही? नसन तर पोरीची धाव हाये. जातो मी."

साहेबांनी सदाशिवरावांकडं पाहिलं. सदाशिवरावांनी कपात पाहिलं. "जा," साहेब म्हणाले. "पण संध्याकाळी गाडी येईल."

भीमसिंगनं मोटारसायकल अशी पळवली, की बबिताच मागून "हळू, बा!" म्हणत होती. ती वेळेत पोचली. निकाल लागायचा आहे, पण पोर कशी पळाली ते बापानं कुंपणाबाहेरून डोळ्यांनी पाहिलं आणि तो ढसाढसा रडला.

संध्याकाळी गाडी आलीच. जमादारानं भीमसिंगच्या हातात डबा ठेवला. "विसरून आला होता, नायक. अन् एक माणूस दे. तारेसाठी."

आता नंबर शामचा होता. तो बिचारा मुकाट्यानं चादर आणायला वळला.

"थांब रे शाम," भीमसिंग म्हणाला. त्यानं डबा छातीशी धरला. "एकच कायले, जमादार? सारेच येतो आम्ही. बायापोरं, म्हातारे, सारा तांडा. फक्त एवढं सांगा, बाक किती हायेत तुमच्या ठाण्यात?"