सात मिनिटं पुढे

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे. गोल, पांढऱ्या तबकडीचं, काचेच्या उजव्या कडेला एक बारीक चरा असलेलं. लखनौच्या कानपूर रोडवरच्या एका रुग्णालयात, इमर्जन्सीच्या दारासमोरच्या भिंतीवर मी सोळा वर्षं टांगलेलो आहे. माझ्याकडे दिवसातून शेकडो माणसं बघतात. खास मला बघायला मात्र कोणी येत नाही, आणि ते बरंच आहे.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात क्वार्ट्झचा एवढासा तुकडा आहे. तो सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो आणि त्या मापाने माझे काटे पुढे सरकतात. पण काटे मुळात कुठे लावलेत, हे त्या बिचाऱ्या तुकड्याला कळत नाही. ते माणसाच्या हातात असतं. एवढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्यातच आहे.

निवृत्त होणाऱ्या एका कंपाउंडरने मला हजरतगंजच्या एका दुकानातून घेतलं आणि रुग्णालयाला भेट दिलं. पहिली आठ वर्षं मी बरोबर वेळ दाखवली. मग प्रतिमा सिस्टर इनचार्ज म्हणून आल्या.

प्रतिमा सिस्टर मूळच्या साताऱ्याच्या. यजमान हवाई दलात होते, बदली होत होत लखनौला आले आणि निवृत्तीनंतर दोघं सरोजिनी नगरमध्येच राहिले. सिस्टरांच्या दोन शिस्ती होत्या. पहिली, ड्यूटीवर वेळेत यायचं. त्यासाठी त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्टुलावर चढून मला सात मिनिटं पुढे केलं. तुमच्या घरातही एखादं घड्याळ असं पुढे असेल. दुसरी शिस्त लिहिण्याची. नव्या नर्सला त्या बजावायच्या, "अंदाज़े से नहीं लिखना। पहले घड़ी देखो, फिर लिखो।" दोन्ही शिस्ती चांगल्याच होत्या. त्या एकमेकींच्या आड येतील, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

गेल्या वर्षी एक शिक्षक छातीवर हात ठेवून आले. तेव्हाची पद्धत अशी होती, की आधी खिडकीवर पर्चा, म्हणजे केसपेपर, काढायचा, मग डॉक्टर तपासणार, मग ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख. ते चाळीस मिनिटं रांगेत उभे राहिले. वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. सिस्टरांनी ते मनाला लावून घेतलं. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, पर्चा मागून होईल, असा धोशा त्यांनी इमर्जन्सीचे प्रमुख डॉ. रिझवी यांच्यामागे लावला. शेवटी रुग्णालयाच्या समितीने तीन महिन्यांचा अभ्यास मंजूर केला. दहा मिनिटं जमली तर नवी पद्धत कायम. नाहीतर पुन्हा आधी पर्चा, मग बाकीचं.

मोजायचं काम शिवांगीकडे आलं. ती नुकतीच पदवीधर झालेली, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतल्या इंजिनिअरची मुलगी. घरी आईवडील मराठी बोलायचे, ही हिंदीत उत्तर द्यायची. दारातल्या संगणकावर रुग्णाचं नाव टाकलं, की येण्याची वेळ आपोआप नोंदली जाई. ईसीजी यंत्राचं स्वतःचं घड्याळ कधीचंच बिघडलेलं होतं. म्हणून नर्स आलेखाच्या कागदी पट्टीवर पेनाने वेळ लिहायच्या. माझ्याकडे बघून.

"जेवलीस का गं?" सिस्टर रोज विचारायच्या.

"हाँ मावशी, कँटीन में समोसे खाए।"

"समोसे म्हणजे जेवण? ये इकडे, भाकरी आणलीय."

अशाच एका दुपारी भाकरी मोडता मोडता शिवांगी म्हणाली, "मावशी, एव्हरेज चौदह मिनट आ रहा है।"

सिस्टरांचा घास हातातच राहिला. "चौदा? अगं, पोरी मशीन घेऊन पळत जातात. पळत!"

"जो लिखा है, वही जोड़ा है मैंने।"

डबा अर्धाच खाऊन सिस्टरांनी झाकण लावलं. त्यांना ते शिक्षक आठवले असणार.

सोमवारी समितीची बैठक होती. शनिवारी सकाळी शिवांगी तिच्या लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसली होती. एकशे बारा रुग्ण. ती आकडे खालून वर, वरून खाली बघत होती. मग स्वतःशीच पुटपुटली, "सबसे कम आठ? एक सौ बारह में एक भी सात या उससे कम नहीं? ऐसा थोड़ी होता है।"

तेवढ्यात एका भाजीवाल्या चाचांना त्यांच्या मुलीने धरून आणलं. अकरा वाजून दोन मिनिटांनी संगणकावर नाव पडलं. नर्स पळाली, तारा लावल्या, पट्टी बाहेर आली. शिवांगीच्या मोबाइलवर अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. नर्सने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पट्टीवर लिहिलं, अकरा अकरा.

शिवांगीने मोबाइल पाहिला, पट्टी पाहिली, मग मला पाहिलं. सोळा वर्षांत इतकं निरखून मला कोणी पाहिलं नव्हतं.

चाचांना आत हलवल्यावर तिने डॉ. रिझवींना बोलावलं. ते माझ्याखाली उभे राहून लखनवी ढंगात म्हणाले, "अमाँ, तो घड़ी ही ख़राब है! उतारिए इसे, नई मँगवा लेते हैं।"

पहारेकरी स्टुलावर चढला. त्याचा हात माझ्या कडेला लागला आणि मला भंगाराची खोली दिसू लागली. मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मला मरणाचं दुःख नव्हतं. राग होता. क्वार्ट्झचा तुकडा नीट थरथरत होता, माझे काटे नीट चालत होते, आणि मी खराब?

सिस्टर कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर सगळा दोष माझ्यावर जाऊन विषय मिटला असता. इनचार्जनेच वेळ बदलली हे समितीला कळलं, तर लोक काय म्हणतील हे त्यांना ठाऊक होतं.

"ठहरिए, डॉक्टर साहब," त्या म्हणाल्या. "घड़ी ठीक है। मैंने आगे की है। आठ साल पहले।"

पहारेकरी स्टुलावरून खाली उतरला. शिवांगी त्यांच्याजवळ गेली आणि पहिल्यांदाच मराठीत बोलली, "मावशी, का?"

"सकाळच्या पोरी उशिरा यायच्या गं. घरी आई असंच करायची, आम्ही शाळेत वेळेवर पोचायचो. ही वेळ कागदावरही जाते, हे डोक्यातच आलं नाही." मग त्या म्हणाल्या, "आता सात वजा कर आणि दे अहवाल."

"नाही, मावशी." शिवांगीने मान हलवली. "हर बार सेल बदला, तो अंदाज़े से आगे किया होगा ना? कधी सहा, कधी आठ. आपल्याला माहीत नाही. जे माहीत नाही, ते वजा कसं करू?"

डॉक्टर हसायला लागले. "सिस्टर, आठ साल से मैं भी इसी घड़ी को देखकर भागता आ रहा हूँ! अच्छा हुआ, आपने बता दिया। मीटिंग में बात जैसी है, वैसी ही रखेंगे।"

त्यांनी गोष्ट जशीच्या तशी समितीपुढे ठेवली. समितीने आणखी तीन आठवडे दिले. सिस्टरांनी स्वतः स्टुलावर चढून मला संगणकाशी जुळवलं, आणि माझ्याखाली एक वही टांगली. रोज सकाळी एक नर्स मला तपासते आणि वहीत सही करते. पुन्हा मोजणी झाली. शंभरातल्या ब्याऐंशी जणांचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघाला. नवी पद्धत कायम झाली. जुने एकशे बारा आकडेही शिवांगीने फेकले नाहीत. अहवालात, काय चुकलं होतं ते लिहून, तिने ते ठेवले आहेत.

भाजीवाले चाचा महिन्याभराने स्वतःच्या पायांनी आले आणि सगळ्या नर्सना हिरवे वाटाणे देऊन गेले. एक चूक तेवढी सुधारायची राहून गेली. चार वर्षांपूर्वी इथे स्ट्रेचरवरच एक बाळ जन्मलं होतं. त्याच्या आजीने पत्रिकेसाठी वेळ माझ्याकडे बघूनच लिहून नेली होती. बाळ सुखात असावं.

मी आता म्हातारा झालो आहे, पण समाधानी आहे. तुम्हाला एवढंच सांगणं, की घड्याळ असो, तापमापक असो की वजनकाटा, ज्याच्याकडे बघून तुम्ही काही लिहिता, ते आधी तपासून घ्या. आणि त्यात आपला हात लागला असेल, तर प्रतिमा सिस्टरांसारखं सांगून टाका. बिचाऱ्या वस्तूला बोलता येत नाही.

मी बरोबर झाल्यावर पहिल्याच सोमवारी दोन नर्स उशिरा आल्या. सिस्टर त्यांना खूप ओरडल्या. आता सिस्टरांनी स्वतःचं मनगटी घड्याळ सात मिनिटं पुढे लावलं आहे, आणि त्यात पाहून काहीही लिहायला सगळ्यांना सक्त मनाई आहे.