सणाचे दर

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी नगरहून पुण्याच्या बाजूला निघालेल्या इतक्या गाड्यांत एक गाडी अशी होती, की तिच्यात कुणीच नवे कपडे घातले नव्हते. अश्विनी गाडी चालवत होती. शेजारी तिचे वडील, नाना, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. केडगावच्या घरातून निघाल्यापासून ते रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. सुप्याच्या अलीकडे वॉटर पार्कची पहिली पाटी दिसली, तेव्हा म्हणाले, "गर्दी असेल ना गं आज?"

"खूप असेल, नाना."

"बरं झालं."

आईला जाऊन दीड महिना झाला होता आणि त्या दीड महिन्यात नानांच्या पोटात भात-भाकरीचा घास गेला नव्हता. चहा, दूध, कधी एखादं केळं. मधुमेहाच्या गोळ्या मात्र ते नेमानं घेत. उपाशी पोटी गोळ्या म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. दोनदा मोरीत पडले. डॉक्टरांनी अश्विनीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की असंच चाललं तर एखाद्या सकाळी ते उठायचे नाहीत. नानांचं उत्तर ठरलेलं होतं. "दिलेला शब्द पाळतो आणि जेवतो."

शब्द दहाव्याच्या दिवशी दिला होता. नदीकाठी पिंड मांडला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसले होते, पण खाली यायला तयार नव्हते. अश्विनीचा भाऊ हर्षल पुढं होऊन म्हणाला, "आई, नानांना मी पुण्याला नेतो, काळजी करू नकोस." कावळे ढिम्म. मावशीनं अश्विनीच्या माहेरपणाची हमी दिली, चुलत्यांनी सामाईक विहिरीचा वाद मिटवायचं कबूल केलं. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा नाना अनवाणी पुढं गेले आणि पिंडाशी वाकून, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "मालन, तुला लाटा दाखवतो. ह्याच दिवाळीत, गर्दीत, पूर्ण तिकिटात."

कावळा आला.

ह्या सगळ्यावर अश्विनीचा विश्वास नव्हता. कावळ्यांना तोवर भूक लागली असणार, एवढंच तिनं मनाशी म्हटलं. पण नानांच्या त्या शब्दांना असा काही खुलासा नव्हता.

नाना एसटीत वाहक होते. नोकरी होती तोवर ते गर्दीतच उभे राहिले, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी त्यांना गर्दी नको असे आणि गर्दीचे वाढीव दर तर मुळीच नकोत. जत्रेला जायचं ते शेवटच्या दिवशी, पाळण्याचे नटबोल्ट निघायला लागल्यावर. भंडारदऱ्याला जायचं ते उन्हाळ्यात, धबधब्याच्या जागी ओला कातळ असताना. प्रदर्शनाला गेलं, की दुकानदार खोकी बांधत असायचे आणि उरलेली लोणची निम्म्या भावात मिळायची. आईनं सगळं जग असं उरलेलं पाहिलं. कुरकूर केली नाही. पण सुप्याकडं हा पार्क झाला आणि केडगावच्या चौकात त्याचा फलक लागला, तेव्हापासून ती विचारायची, "खरंच लाट येती का हो तिथं? समुद्रासारखी?" नाना म्हणायचे, "जाऊ की. जरा गर्दी ओसरू दे." उन्हाळ्यात दर चढे, म्हणून पावसाळ्याची वाट पाहायची. पावसाळ्यात सूट लागे, पण निम्मे खेळ बंद, म्हणून हिवाळ्याची. गणपती उठले आणि चार दिवसांच्या तापात आईच गेली.

अश्विनीनं मध्ये एक चूक केली होती. गर्दीत नानांचं काय होईल ह्या भीतीनं तिनं दिवाळीच्या आधीच, आडवारी, ज्येष्ठांच्या सवलतीत ऑनलाइन तिकिटं काढली आणि त्यांना काही न सांगता घेऊन आली. नानांनी मोकळं पार्किंग पाहिलं, फाटकाशी जांभया देणारा पहारेकरी पाहिला आणि गाडीतून उतरलेच नाहीत. "पुन्हा तेच?" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून दूधही अर्धा पेला झालं.

आज मात्र पार्किंग महामार्गापर्यंत आलं होतं. तिकीटघरावर फलक होता, 'सणाचे विशेष दर', आणि खालचा आकडा साध्या दिवसाच्या जवळजवळ दुप्पट. नानांनी तो वाचला आणि मान डोलावली. रांग पत्र्याच्या छताबाहेर उन्हात वळसे घेत होती. अश्विनीनं त्यांना लिंबूसरबत पाजलं. त्यांचा दंड धरला, तर शर्टाच्या बाहीत दंड शोधावा लागला.

रांगेच्या कडेला पाच-सहा पिशव्यांच्या ढिगाला टेकून एक बाई बसली होती. आईच्याच वयाची, नऊवारी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू.

"लई उशीर लागंल बघा तुमाला," ती आपणहून म्हणाली. "आमची मंडळी मगाशीच आत गेली. ल्येक, सून, नातवंडं. मी म्हनलं, मला न्हाई यायचं. एवढ्या पैशात शेळीचं करडू येतंय की!"

"मग बाहेरच थांबणार?" अश्विनीनं विचारलं.

"पिशव्या कोन राखनार? पिशव्यांना तिकीट न्हाई, तसं मला बी न्हाई." ती खळखळून हसली. पारनेरकडची होती, नाव गोजरबाई.

ध्वनिक्षेपक सांगू लागला, की आतली क्षमता संपत आली आहे, तिकीटविक्री थोड्याच वेळात थांबवू. रांगेत एकदम रेटारेटी झाली. आज आत जायला मिळालं नाही, तर नाना पुढच्या दिवाळीचं नाव घेतील, आणि पुढची दिवाळी त्यांना दिसणार नाही, हे अश्विनीला उन्हाइतकं लख्ख दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कोपर मारलं आणि नानांना खिडकीशी आणलं.

"दोन. पूर्ण," नाना म्हणाले. "आणि हिचं वेगळं."

"आजोबा, साठच्या वर सवलत आहे," खिडकीतली मुलगी म्हणाली. "आधार दाखवा."

"सवलत नको."

"बरं. दुसरं कुणाचं? त्यांना पुढं बोलवा. तिकिटाचा पट्टा हातात देत नाही, मनगटावरच लावतो. बाहेर ब्लॅकनं विकतात लोक."

"तिला येता येत नाही. तिचं तिकीट द्या फक्त."

"मनगट नाही तर पट्टा नाही, आजोबा."

"पैसे पूर्ण देतोय मी!"

"ओ आजोबा, आवरा की!" मागून कुणीतरी ओरडलं. "आतलं पाणी आटून जाईल तोवर!" हशा झाला. अश्विनीनं आपले दोन्ही हात खिडकीत घातले आणि म्हणाली, "दोन्ही मलाच लावा." मुलीनं मान हलवली. एका माणसाला एक. नानांनी खिडकीची कड घट्ट धरली होती. ते हलणार नव्हते आणि हलवले असते, तर तिथंच कोसळले असते.

अश्विनीला तेराव्याचं पान आठवलं. सवाष्ण गेली म्हणून आईच्या नावानं एक सवाष्ण जेवू घातली होती. पाटावर बसलेली ती शेजारीण त्या घटकेपुरती आईच होती. नानांनी तिला आग्रह करून करून वाढलं होतं. तेव्हा अश्विनीनं मान फिरवली होती. आज ती नानांच्या कानाशी वाकली.

"नाना, सवाष्ण सांगू या?"

नानांनी तिच्याकडं पाहिलं. बऱ्याच दिवसांनी खरोखर पाहिलं.

ती रांग मोडून गोजरबाईकडं धावली. "मावशी, तुमचे मालक...?"

"हायेत की! घरी शेळ्या राखत्यात. का वो?"

अश्विनीनं सांगितलं. नीट सांगायला वेळ नव्हता. आई, लाटा, दहावा, कावळा, सगळं एका दमात. गोजरबाईचं हसू मावळलं.

"फुकट म्हनला आसता तर आले नसते," ती उठत म्हणाली. "सवाष्ण सांगितल्यावर न्हाई म्हनू ने. ह्या पिशव्या धरा तेवढ्या."

खिडकीतल्या मुलीनं तिच्या काकणांच्या वर पिवळा पट्टा चिकटवला. तिघं फाटकातून आत शिरली आणि थोड्याच वेळात मागची खिडकी बंद झाली. बाहेर राहिलेल्या लोकांचा आरडाओरडा कितीतरी वेळ ऐकू येत होता.

आत गर्दीशिवाय काही दिसत नव्हतं. घसरगुंड्यांच्या जिन्यांवर माणसं पायरीला पायरी चिकटून थांबली होती. लाटांच्या तलावाचं तर पाणीच दिसेना. नुसती डोकी, रबरी ट्यूबा आणि वर धरलेली मुलं. सुती साडीत पाण्यात उतरायला बंदी, म्हणून पहारेकऱ्यानं शिट्टी मारून गोजरबाईला काठावरच उभं केलं. नाना तिच्या बाजूला थोडं अंतर ठेवून, अदबीनं उभे राहिले. एवढे पैसे मोजून तिघं नुसत्या ओल्या फरशीवर उभी होती.

भोंगा वाजला. लांबच्या भिंतीकडून एक आरोळी उठली आणि डोकी वर-खाली होत इकडं येऊ लागली. एवढ्या अंगांवर आपटून लाट मध्येच मोडली, तरी तिचं शेवटचं फेसाळ पाणी उतारावरून वर आलं आणि गोजरबाईची पावलं बुडवून गेलं.

"आली बया!" ती किंचाळली आणि लुगड्याचा घोळ उचलून पोरीसारखी मागं सरकली. "अवो, पायाखालची फरशीच ओढती की ही! आली, दुसरी आली!"

नाना तिच्या पायांकडं पाहत होते. लाटा थांबेपर्यंत पाहत राहिले.

"झालं," ते म्हणाले.

"झालं, नाना. चला आता, जेवू या."

"तुम्ही जेवा."

"तुम्ही म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो गं. पण आता काय राहिलंय?" ते भिंतीशी टेकून हळूहळू ओल्या फरशीवर बसले. कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. तिनं सरबताची बाटली पुढं केली. त्यांनी तोंड फिरवलं. रागानं नाही, पोट भरलेलं मूल फिरवतं तसं.

तेव्हा अश्विनीला कळलं, की दीड महिना आपण उलटं समजत होतो. ह्या शब्दामुळं ते जेवत नाहीत असं तिला वाटत होतं. खरं तर ह्या शब्दामुळंच ते उठत होते, अंघोळ करत होते, तारीख विचारत होते. तोच तिनं धडपडून आज संपवून टाकला.

हर्षलपाशी ती रडली नव्हती, डॉक्टरांपाशी नाही, सावेडीच्या घरात नवऱ्यापाशीही नाही. इथं हजार माणसांत तिनं एका परक्या बाईचा हात धरला. "मावशी, दीड महिना जेवले नाहीत हो. माझं ऐकत नाहीत. हेही जातील. काहीतरी करा, मावशी."

गोजरबाईनं हात सोडवून घेतला, पदर खोचला आणि नानांपुढं उभी राहिली.

"काय वो पाव्हनं? सवाष्ण सांगितली ती उपाशी लावून देनार?"

नाना गडबडले. "नाही, नाही. अश्विनी, ताईंना वाढ."

"ती वाढंल. तुमी पंगतीला बसा."

"मी नाही..."

"मग ऱ्हाऊ द्या. मी दोन घास खाते आन् तशीच ताटावरनं उठते. तुमच्या मालकिनीच्या नावानं बसलेली बाई अर्ध्या ताटावरनं उठली, म्हंजी मग ती काय जेवून गेली का? तुमीच सांगा."

नानांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अशी भीती होती, की अश्विनीला पुढं होऊन म्हणावंसं वाटलं, मावशी, नको, इतकं नको. पण ती गप्प राहिली. दुसरं काही हाताशी नव्हतं.

दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उपाहारगृहात आणलं. तिथं पावभाजीशिवाय काही उरलं नव्हतं. गोजरबाईनं पहिला घास मोडला, पण तोंडात घातला नाही. नुसता धरून बसली. "हं," ती म्हणाली.

नानांनी पावाचा एवढासा तुकडा तोडला. भाजीला लावायचंही त्यांना सुचलं नाही. कोरडाच तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिले, कितीतरी वेळ. गिळताना कंठ वर-खाली झाला. मग गोजरबाईनं आपला घास खाल्ला. मग पुन्हा त्यांनी. असा एकेक घास चालला आणि त्यांच्या बंद पापण्यांतून पाणी वाहून पावावर पडत होतं. कुणी ते पुसलं नाही.

निम्मा पाव संपला, तसं गोजरबाई त्यांच्याकडं न पाहता म्हणाली, "सवाष्णीला अजून एक लागंल. ह्यान्ला बी."

अश्विनी उठली. उद्या ही बाई नसणार, परवा नसणार, मग कुणाच्या नावानं घास घालायचा, हे तिला ठाऊक नव्हतं. पैसे मुठीत घेऊन ती रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पुढं खूप माणसं होती. मध्येमध्ये ती टाचा उंचावून, डोक्यांवरून, नानांचा जबडा हलतोय का ते बघत होती.