शुभमचं जावळ

"मामाच्या मांडीवर द्या त्याले, अन् डोकं ओलं करा," वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासत नत्थुजी म्हणाले.

अर्ध्या तिवसा गावाची जावळं त्यांच्याच हातची. आज सख्ख्या नातवाचं होतं. मुलगा शेखर अमरावतीत सलून चालवायचा. त्याला ते 'मशीनवाला' म्हणून चिडवत आणि आपल्या वस्तऱ्याला हात लावू देत नसत.

तेवढ्यात सून हर्षा फोन ठेवून बाहेर आली. शुभम नुकताच न्यूमोनियातून उठला होता. काल त्याच्या पायांवर बारीक लाल ठिपके दिसले, म्हणून सकाळीच रक्त तपासायला दिलं होतं.

"मामाजी, थांबा," ती सासऱ्यांना म्हणाली. "डॉक्टरचा फोन होता. प्लेटलेट लय कमी झाल्या. छातीतल्या जंतूमुळं होते म्हणे असं. जरासं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. आजच घेऊन या म्हणतात."

नत्थुजींना ते झोंबलं. "माया हातून एका लेकराले ओरखडा गेला का आजवर?"

"तुमच्या हाताचा भरवसा हाय मले. त्याच्या रक्ताचा नाही."

मोर्शीहून आलेला तिचा भाऊ गजेंद्र म्हणाला, "पाहुणे आले, सैपाक झाला. दोन केस तरी काढा."

पोरगं वस्तऱ्याकडे हात नाचवत हसत होतं. नत्थुजींनी त्याच्या पायांवरचे ठिपके पाहिले. त्यांनी वस्तरा मिटला.

"पाहुण्यायले वाढा. जावळ कोठी पळून नाही चाललं. शेखर, गाडी काढ."

मग अमरावतीच्या खेपा सुरू झाल्या. हर्षाने औषध चुकवलं नाही, की पोराला पडू दिलं नाही. नत्थुजी रोज त्याचे केस विंचरून डोक्यावर बुचडा बांधत. गल्लीतल्या बायका त्याला पोरगी समजून लाड करत आणि आजोबांना त्याची मोठी गंमत वाटे. शेवटी प्लेटलेट जागेवर आल्या, डॉक्टरांनी वस्तऱ्याला परवानगी दिली आणि घरात पुन्हा पुरण शिजलं.

मामाची मांडी, ओलं डोकं, सगळं तयार होतं. नत्थुजींनी वस्तरा कानामागे टेकवला आणि त्यांचा हात थरथरला. उभ्या जन्मात थरथरला नव्हता. भीती होती ती, दुसरं काही नाही.

"शेखर, इकडे ये."

"बाबा, मी त मशीनवाला."

"ये म्हटलं ना. मागून सुरू कर."

शेखरचा हात स्थिर होता. नत्थुजींनी दोन्ही तळव्यांत नातवाचं डोकं धरलं. अख्खं डोकं कोरं झालं, तरी कुठे लाल ठिपका उमटला नाही. त्यांना फार बरं वाटलं.

शेखरने वस्तरा पुसून बापापुढे धरला.

"ठेव तुयाच पेटीत," ते म्हणाले आणि नातवाच्या गुळगुळीत डोक्याला तेल लावत राहिले.