चार वाजता येतो, सगुणाबाई

मार्गशीर्षातलं ऊन निवलेल्या दुधासारखं सायीचं, संथ, सोनसळी झालं होतं. प्रवरेच्या काठानं बेलपिंपरीचे उसाचे मळे तुऱ्यावर आले होते. रुपेरी-जांभळ्या तुऱ्यांचा तो अपार विस्तार वाऱ्याबरोबर लवत होता, उठत होता, पुन्हा लवत होता. त्या विस्ताराच्या मधोमध काळ्या पाषाणाचं, तांबड्या कौलांचं, शंभर पावसाळे सोसलेलं चर्च उभं होतं. उद्या तिथं कापणीचा सण होता.

आणि अशा प्रसन्न, प्रशांत, प्रकाशमय दुपारी त्या चर्चच्या पाळकांचं डोकं मात्र तापलं होतं. नाव शांतवन देठे. शांती नावापुरतीच, असं त्यांची बायकोच म्हणायची.

काखेत एक छोटी शिसवी पेटी. पेटीत चांदीचा प्याला, मनुकांच्या रसाची बाटली, आणि शुभ्र वस्त्रात गुंडाळलेला भाकरीचा तुकडा. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि रस वाटायच्या विधीची, पेटी ती. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी न्यायची. साडेतीन वाजले होते. चार वाजता सगुणाबाईंकडे पोचायचं होतं.

सगुणाबाई भांबळ. वय ऐंशीच्या पलीकडे. भाद्रपदात अंगणात पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून खाटेवर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होई. असे तीन रविवार सगुणाबाईंविना गेले. तिन्ही वेळा पाळकांनी निरोप धाडला होता, "चार वाजता येतो, सगुणाबाई." तिन्ही वेळा चार वाजले, पाच वाजले, दिवेलागण झाली. पाळक गेले नाहीत.

आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाला मुलगा एलिया आईला मोटारीत घालून पुण्याला नेणार, कायमची. ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, जिथून नवऱ्याला माती दिली, त्या मंडळीच्या हातची भाकर एकदा जिभेवर ठेवून जावं, एवढंच म्हातारीचं मागणं. ह्या वयात गाव सोडलेलं माणूस परत येत नसतं, हे तिला ठाऊक होतं. पाळकांनाही ठाऊक होतं.

पण चर्चच्या आवारातल्या घराची पायरी उतरायच्या आत फाटकातून ट्रॅक्टर घुसला. फुग्यांचा, झेंडूंचा, झिरमिळ्यांचा, लालभडक, नवाकोरा ट्रॅक्टर. वर साळव्यांचं अख्खं खटलं.

"सलाम पाळकसाहेब! प्रार्थना करा की. दोनच मिनिटं."

दोन मिनिटं! ज्यानं हे दोन मिनिटांचं माप शोधलं त्याला एक दिवस पाळक करायला हवं. देठ्यांनी बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले, प्रार्थना केली. आमेन म्हणून डोळे उघडतात तो साळव्यांचा मेहुणा धापा टाकत पुढ्यात उभा. त्याच्याच मोबाईलवर फोटो निघायचे होते, आणि तो आत्ता पोचला होता.

"साहेब, परत एकदा करा. फोटोच न्हाय आला."

देठ्यांनी परत केली. देवानं एकाच ट्रॅक्टरबद्दल तेच सगळं दोनदा ऐकून घेतलं, आणि घड्याळ चारच्या पुढं सरकलं.

मग फोन सुरू झाले. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला आत्ताच्या आत्ता हवा. कोणाची सून रुसलेली, तिला चार शब्द सांगा. कोणी विचारतंय, उद्या जेवणात वांगं आहे का, कारण वांगं चालत नाही. वांग्याची चौकशी पाळकाकडे! देठ्यांनी फोन बंदच करून टाकला आणि खिशात कोंबला. त्यानंतर एलियाचे तीन फोन येऊन गेले, ते त्यांना कळले नाहीत.

ऊन कलू लागलं. तुऱ्यांवरची चांदी तांबूस झाली. चार वाजता येतो, सगुणाबाई. चार वाजता येतो. काखेतली पेटी घट्ट धरून पाळक चर्चच्या दारावरून निघाले, आणि तिथं कमान आडवी आली.

कमानीचं असं आहे. कापणीच्या सणाला चर्चच्या महाद्वाराला उसाची कमान लागते. डावी बाजू उजागऱ्यांच्या मळ्यातली, उजवी पाटोळ्यांच्या. आजोबांच्या काळापासून. पण ह्या वर्षी इम्मानुएल उजागरे दोन्ही बाजूंचा ऊस घेऊन आला. म्हणाला, पाटोळ्यांचा ऊस खुजा, कमान लंगडी दिसते. झालं! डावी बाजू उभी राहिली. उजवी बाजू धुळीत आडवी पडली, आणि तिच्यावर दौलत पाटोळे ठाण मांडून बसला.

"माझ्या मढ्यावरून न्या त्याचा ऊस," दौलत म्हणाला.

"पाळकसाहेब, तुम्हीच सांगा आता," इम्मानुएल म्हणाला. "डोळ्याला काय दिसतंय ते सांगा फकस्त."

दोघंही चर्चचे पंच. दोघंही पहिल्या बाकावर बसणारे. बेलपिंपरीच्या मंडळीची एक जुनी रीत होती: मनात अढी ठेवून प्रभूच्या मेजाशी जायचं नाही, ज्याचा राग आला त्याला आधी तोंडावर सांगायचं, मग भाकर घ्यायची. दर महिन्याला देठे विचारत, "कोणाच्या मनात काही आहे का?" आणि उजागरे-पाटोळ्यांसकट सगळी मंडळी छताच्या वाशांकडे बघत बसे. आणि आता, नेमकं आत्ता, दोघांच्या मनातलं सगळं बाहेर आलं होतं.

देठ्यांनी पेटी पायरीवर ठेवली. समजावलं. विनवलं. एकदा दौलतचा दंड धरला, एकदा इम्मानुएलचा. दोघांचे आजे निघाले, पणजे निघाले, कोणाच्या बैलानं कोणाच्या बांधावर कधी तोंड घातलं तेही निघालं. पाच वाजून गेले. देठ्यांची नजर घड्याळावर पडली, आणि ह्या गावात पाळक म्हणून काढलेल्या नऊ वर्षांचं साठलेलं एकदम उसळून वर आलं.

"आग लावा त्या कमानीला!" ते ओरडले. "त्या उसाला आणि त्या मोठेपणाला! तिकडं एक म्हातारी तीन महिने उपाशी आहे, आणि तुम्ही मला इथं ऊस मोजायला लावताय?"

पाळकांचा असा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. कौलांवरचे पारवे भर्रकन उडाले. देठे वळले, आणि मागं न बघता पाटाच्या कडेच्या आडवाटेनं तरातरा निघाले.

दोन्ही बाजूंनी उंच ऊस, मधून अरुंद पायवाट, पाटात संथ वाहणारं ताम्रवर्णी पाणी. एरवी ह्या वाटेवर देठे गुणगुणत असत. आज दात आवळून चालले होते. साळव्यांचा राग, वांग्याचा राग, उजागरे-पाटोळ्यांचा राग. पावलागणिक एकेक राग. आणि सगळ्यांच्या तळाशी, गाळासारखा, स्वतःचा राग. तीन महिने, देठे! वीस मिनिटांची वाट. ट्रॅक्टरला तुला वेळ मिळाला.

सगुणाबाईंच्या दाराला कुलूप होतं.

अंगण सारवलेलं. ओट्यावर एक स्टूल, स्टुलावर घडी मोडून अंथरलेलं धुवट पांढरं वस्त्र, चारही कोपऱ्यांवर वाऱ्यानं उडू नये म्हणून ठेवलेले चार खडे. शेजारची ताराबाई कुंपणापाशी उभी होती.

"आत्ता गेली की हो! दहा मिन्टं न्हाय झाली. तीन वाजल्यापून ते फडकं हातरून बसलेली. पोरगं म्हनलं, आई, पाळकाचा फोन बंद हाय, चल आता. तर म्हनली, त्यो येत न्हाय तर मीच जाते. गाडी चर्चावरून घे म्हनली. रडत व्हती, साहेब."

म्हणजे म्हातारी सडकेनं गेली, आणि पाळक आडवाटेनं आले. देठ्यांनी सवयीनं काखेतली पेटी सावरायला हात नेला. काख रिकामी होती. पेटी चर्चच्या पायरीवर राहिली होती. सगुणाबाई भेटल्या असत्या तरी देठे त्यांच्यापुढं रिकाम्या हातांनीच उभे राहिले असते.

तोंड लाजेनं काळंठिक्कर पडलं. देठे धावत सुटले. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, पांढऱ्या झग्यातला माणूस सडकेनं धावत होता, उसाच्या ट्रॉलीवरची पोरं ओरडत होती, "पाळक पळाला! पाळक पळाला!" एक चप्पल मागं राहिली. त्यांनी ती उचलली नाही.

चर्चसमोर मोटार उभी होती. आणि अर्ध्या कमानीखालून एक प्लास्टिकची खुर्ची आत चालली होती. खुर्चीत सगुणाबाई. खुर्चीचा डावा हात इम्मानुएलनं धरलेला, उजवा दौलतनं.

"वर घे की तुझी बाजू!" दौलत खेकसला.

"घेतलीय! तूच खुजा, मी काय करू?"

"गप बसा रे दोघं," सगुणाबाई म्हणाल्या, "पाडाल मला."

आत मेजावर पेटी होती. कोणीतरी ती पायरीवरून उचलून, धूळ पुसून, नीट मांडली होती. पश्चिमेच्या उंच गवाक्षातून शेवटचं केशरी ऊन तिरपं आत उतरलं होतं. बाकांवर, बाजरीच्या कणसांच्या राशींवर, पिवळ्या भोपळ्यांवर, म्हातारीच्या पांढऱ्या पदरावर. देठे दारातच थबकले. छाती भात्यासारखी. एका पायात चप्पल.

"सगुणाबाई, मला क्षमा करा."

"बसा आधी. दम घ्या."

देठे बसले नाहीत. त्यांनी पेटी उघडली, प्याला भरला, वस्त्र उलगडलं. आणि मग, नऊ वर्षांच्या सवयीनं, तोच प्रश्न ओठांवर आला.

"कोणाच्या मनात काही आहे का?"

"आहे," सगुणाबाई म्हणाल्या.

सगळे चमकले. वाशांकडे कोणीच बघितलं नाही.

"मला तुमचा राग आलाय, पाळकसाहेब. लई राग. तीन डाव वाट बघितली. वाटलं, मी आता कोणाच्या खिजगणतीत न्हाय. दर रविवारी माझं नाव घेऊन प्रार्थना करता म्हणे. नाव घेता, आणि दार दिसंना?" म्हातारीचा आवाज फाटला. "सांगून टाकलं. रागानं काय भूक जात न्हाय. आता भाकर द्या."

देठ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"माझ्याही मनात आहे," ते म्हणाले. "ह्या दोघांचा राग आहे. साळव्यांचा आहे. अख्ख्या मंडळीचा आहे. कधीकधी वाटतं, सगळं टाकून निघून जावं. आणि सगळ्यांत जास्त माझाच मला राग आहे."

इम्मानुएलनं खाकरून घसा साफ केला. दौलत बोटाला रुतलेलं उसाचं कुसळ काढत राहिला. बाहेर एलियानं एकदा हॉर्न वाजवला, मग वाजवायचं थांबवलं.

देठ्यांनी भाकर मोडली. सगुणाबाईंनी दोन्ही तळवे एकावर एक ठेवून ओंजळ पुढं केली. सुरकुतलेली, कष्टानं काळवंडलेली, जन्मभर दुसऱ्यांची शेतं खुरपलेली ओंजळ. तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, सावकाश चावला. प्याला ओठांना लावला. तळव्यावर एक कण राहिला होता, तोही त्यांनी बोटाच्या टोकानं टिपून घेतला.

"झालं," त्या म्हणाल्या. "उचला आता."

दोघांनी खुर्ची उचलली. ऊन विझत होतं, तुरे निळे होत होते, पाटाचं पाणी काळं होत होतं. दारात डावी बाजू उभी होती, उजवी बाजू धुळीत आडवी होती. त्या अर्ध्या कमानीतून, हा ऊस कोणाचा हे न विचारता, सगुणाबाई बाहेर गेल्या; आणि मोटारीचा तांबडा दिवा वळणावर दिसेनासा होईपर्यंत पाळक शांतवन देठे एका चपलेनिशी पायरीवर उभे राहिले.